तेलगिरणीतली रिफायनरी: कशी चालायची आणि हिशेब कुठे मोडला

नाशिककडे ‘रिफायनरी’ म्हटलं की बहुतेकांना मनमाडजवळचं पानेवाडी आठवतं. तिथे रिफायनरी नाही. मुंबईहून पाइपलाइनने आलेलं पेट्रोल-डिझेल साठवून पुढे पाठवणारे डेपो आहेत. हा लेख खाद्यतेल साफ करणाऱ्या रिफायनरीबद्दल आहे. नाशिक-मालेगाव-धुळे पट्ट्यात तेलगिरणीच्या मागच्या शेडमध्ये पाच-दहा टनांच्या कढया असलेला जो छोटा प्लांट असायचा, तो.

आधी गिरणी. शेंगदाण्यात तेल ४५ ते ५० टक्के. १०० किलो दाणे एक्सपेलरमधून (स्क्रूने दाबून तेल काढणाऱ्या यंत्रातून) काढले की साधारण ४४ किलो तेल मिळतं आणि पेंडीत सात टक्क्यांच्या आसपास राहतं. सरकीचं गणित वेगळं: १०० किलोत तेल १८ किलो, हातात येतं जेमतेम १२. म्हणून सरकीवाल्याचा धंदा खरा पेंडीवर चालायचा, तेल म्हणजे वरकमाई. एक्सपेलरमध्ये सगळ्यात जास्त झिजतो तो वर्म, म्हणजे दाबणारा स्क्रू, त्यातही शेवटचे दोन-तीन तुकडे, कारण दाब तिथेच जास्त. वर्म झिजला की पेंड जाड आणि ओलसर पडते, तेल कमी येतं. मग मिस्त्री पेंड बाहेर पडायच्या तोंडाचा कोन आवळतो, मोटरचा अँपिअर चढतो, विजेचं बिल वाढतं आणि तेल तेवढंच राहतं. वर्मवर वेल्डिंगचा थर चढवून घासून घेणं हाच त्यावर उपाय. माल फार कोरडा असला तर पेंडीचा भुगा होतो, तेलात गाद जास्त येते आणि तेल गाळणाऱ्या फिल्टर प्रेसची कापडं तासाभरात चोंदतात.

शेंगदाणा तेलाला रिफायनरी लागतच नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवं. चांगल्या दाण्याचं तेल गाळलं की खायला तयार. ओल्या, बुरशी लागलेल्या शेंगेचं तेल मात्र नुसतं गाळून भागत नाही, अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष त्यात उतरतं. रिफायनरी उभी राहिली ती मुख्यतः सरकीसाठी. सरकीचं कच्चं तेल काळपट-तांबडं असतं, त्यात गॉसिपॉल हे विषारी रंगद्रव्य असतं. कॉस्टिक सोडा दिल्याशिवाय ते खाण्यालायक होत नाही.

पहिली कढई न्यूट्रलायझरची, म्हणजे तेलातलं आम्ल मारण्याची: बूड शंकूच्या आकाराचं, आत ढवळणी आणि स्टीमची कॉइल. दहा टन तेल आणि एफएफए (तेलातलं सुटं आम्ल) २ टक्के धरा. म्हणजे २०० किलो आम्ल. किलोला ०.१४२ या हिशेबाने कॉस्टिक २८.४ किलो. सरकीचा रंग मारायला तेलाच्या वजनाच्या ०.२ टक्के जादा, म्हणजे आणखी २० किलो. १६ बॉमेच्या (बॉमे हे दाटपणाचं माप) लायमध्ये, म्हणजे कॉस्टिकच्या पाण्यात, कॉस्टिक ११ टक्के असतं, म्हणजे एकूण लाय साधारण ४४० किलो. तेल गार असताना, ढवळणी जोरात ठेवून लाय सोडायची. पंधरा-वीस मिनिटांनी ढवळणी हळू करायची आणि मगच स्टीम उघडायची, ६०-६५ अंशांपर्यंत. मधूनमधून चमच्यात नमुना घेऊन उजेडाला धरायचा. साबणाच्या कण्या सुट्या होऊन मधलं तेल आरपार दिसू लागलं की स्टीम बंद, ढवळणी बंद, आणि कढईला रात्रभर हात लावायचा नाही.

नुकसान व्हायचं ते इथेच. तापवताना ढवळणी जोरात राहिली तर कण्या फुटतात, साबण बसत नाही, दुधासारखं मिश्रण होतं. मीठ-पाणी मारून ते फोडावं लागतं, तरी सोपस्टॉकबरोबर, म्हणजे खाली बसलेल्या साबणाबरोबर, चांगलं तेल जातंच. कढईच्या पद्धतीत एफएफएच्या दुप्पट घट ही बरी गोष्ट समजायची. सरकीत त्याहून जास्त. सोपस्टॉक धुण्याच्या साबणवाल्यांना जायचा, पण तेलाच्या भावाने थोडाच?

पुढे गरम पाण्याने दोनदा धुणं, मग व्हॅक्यूमखाली वाळवणं. ब्लीचिंगला, म्हणजे रंग काढायला, १ ते २ टक्के माती, १००-११० अंश, अर्धा तास. प्रेसमधून निघालेल्या मातीत तिच्या वजनाच्या पाव हिस्सा किंवा जास्तच तेल अडकलेलं असतं. ती माती शेडच्या कोपऱ्यात ढीग घालून ठेवली की आतल्या आत तापते आणि आपोआप पेट घेते. पाणी मारून, पातळ पसरून ठेवायची, हा साधा नियम.

शेवटी वास काढणारा डिओडोरायझर: २०० अंशांच्या वर तापमान, पाच-सहा मिलिमीटर व्हॅक्यूम, खालून उघडी वाफ, जुन्या प्लांटमध्ये एका बॅचला सहा ते आठ तास. एक ग्लँड (सांध्याचं सील) जरी हवा ओढत असेल तरी तेल काळवंडतं आणि वास परत येतो. तेल ६० अंशांखाली आल्याशिवाय व्हॅक्यूम तोडायचा नाही. घाईने तोडलेली बॅच महिन्याभरात खवट व्हायची. पितळी व्हॉल्व्ह बसवले तरी तेच, तांब्याने तेल लवकर बिघडतं.

आता हिशेब कुठे मोडला ते. १९८६ मध्ये तेलबियांसाठी तंत्रज्ञान मिशन सुरू झालं. बाहेरचं तेल आवरतं होतं, बियांना भाव होता, छोट्या गिरण्यांनाही चार पैसे सुटत होते. १९९४ मध्ये पामोलीन (साफ केलेलं पातळ पामतेल) खुल्या आयातीत आलं, ६५ टक्के शुल्कावर. १९९८ पर्यंत ते शुल्क १५ टक्क्यांवर उतरलं. पामोलीन तयार होऊनच बंदरावर उतरतं, त्याला नाशिकच्या कढईची गरजच नव्हती. एप्रिल २००८ मध्ये कच्च्या तेलावरचं शुल्क शून्य झालं. मग कच्चं तेल आणून साफ करणं आणखी परवडू लागलं, पण ते जहाज जिथे रिकामं होतं तिथे, बंदराशेजारच्या रोज शेकडो टन काढणाऱ्या प्लांटमध्ये. घाट चढवून कच्चं तेल इकडे आणायचं म्हणजे सोपस्टॉकमध्ये जाणाऱ्या घटीचंही भाडं भरायचं.

१९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या (आर्जिमोन) तेलाची भेसळ होऊन माणसं दगावली आणि त्याच वर्षी खाद्यतेल पॅकिंगचा आदेश आला. सुट्या डब्यांवर चालणाऱ्या गिरणीला प्रयोगशाळा, पॅकिंग, परवाने असा खर्च अंगावर पडला. आदेश चुकीचा नव्हता, पण पाच टनांच्या प्लांटला तो न पेलणारा होता.

माझ्या मते आयातीला जेवढा दोष देतात तेवढा तिचा एकटीचा नाही. कच्चा मालच हातातून गेला. शेंगेला खाण्यासाठी मिळणारा भाव घाण्याला परवडत नाही, आणि पाणी मिळालं की निफाड-येवल्याचा शेतकरी कांदा, मका, द्राक्षाकडे वळणारच. सोयाबीन आलं खरं. पण त्यात तेल १९ टक्के, एक्सपेलरने काढलं तर त्यातलं एक तृतीयांश पेंडीतच राहतं. त्याला हेक्झेन या ज्वालाग्राही द्रावात तेल विरघळवून काढणारा सॉल्व्हंट प्लांट लागतो. तो स्फोटक धंदा, लहान प्रमाणात परवडत नाही. म्हणून इथलं सोयाबीन धुळ्याच्या प्लांटकडे जातं.

हल्ली गल्लोगल्ली लाकडी घाणे दिसतात. त्यात १०० किलो दाण्यांना तेल ४१ किलोच्या आसपास, पेंडीत १२ टक्के. भाव त्यामुळेच चढा. घेताना डब्यावरचं वजन वाचा: १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा यांत १ किलो ३५० ग्रॅमचा फरक पडतो, कारण लिटरभर तेल ९१० ग्रॅमच भरतं.

कुणी बंद गिरणीतली यंत्रं घ्यायला निघालं असेल तर एक्सपेलरचा गिअरबॉक्स आणि वर्मभोवतीच्या पिंजऱ्याच्या पट्ट्या बघा, फिल्टर प्रेसच्या प्लेटा वाकलेल्या नाहीत ना ते बघा. एवढं ठीक असेल तर घ्यावं. न्यूट्रलायझरचा शंकू आतून हातोडीने वाजवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, कॉस्टिकने जोडापाशी पत्रा पातळ झालेला असतो. लोखंडी डिओडोरायझर फुकट मिळाला तरी भंगाराच्याच भावाचा.