सहा वेळा पावणेतीन

एमएस्सीच्या पहिल्या सेमिस्टरला क्वांटमच्या पुस्तकात शेवटी क्लेब्श-गॉर्डन सहगुणकांचा, म्हणजे दोन कणांचे कोनीय संवेग (फिरकीचं माप, जे) एकत्र करताना लागणाऱ्या आकड्यांचा तक्ता होता. "पेपरात तक्ता देतात, वाचता आला म्हणजे झालं," असं वर्गात सांगून विषय संपवला गेला. मला तो वाचताही येईना. वर्गमूळं, उणे चिन्हं, अर्धे-अर्धे एम (एम म्हणजे जेचा झेड दिशेतला भाग). कुठून आलं हे सगळं?

दिवाळीला गावी आलो, दारव्हा तालुक्यात. वेचणी सुरू झालेली. मधली खोली कापसानं भरलेली, त्यामुळे लॅपटॉपला जागा ढिगाच्या कडेला. पंख्यात तंतू जायचे आणि तो घरघरायचा. ठरवलं, तक्ता पाठ नाही करायचा, पायथॉनमध्ये स्वतः काढायचा.

सुरुवात एकाच स्पिन-अर्ध कणापासून, म्हणजे ज्याचा जे अर्धा. जे-एक्स, जे-वाय, जे-झेड या तीन दिशांच्या तीन मॅट्रिक्स लिहिल्या, वर्ग केले, बेरीज केली. हाच जे-वर्ग. एच-बार हा क्वांटमचा स्थिरांक 1 धरला तर उत्तर जे गुणिले (जे अधिक एक) यायला हवं, इथं अर्धा गुणिले दीड, म्हणजे पाऊण. आलं पाव. मॅट्रिक्स मात्र अगदी नीटनेटकी, कर्णावर 0.25 आणि बाकी शून्य, म्हणून अर्धा दिवस मी सूत्रावरच संशय घेत बसलो. चूक साधी होती. नमपाय या पायथॉनच्या गणिती लायब्ररीत वर्गासाठी ** लावलं की प्रत्येक घराचा वेगवेगळा वर्ग होतो. मॅट्रिक्सचा गुणाकार हवा तर @ लागतो. उत्तर ओबडधोबड आलं असतं तर लवकर सापडली असती.

मग खरी बेरीज. दोन कण, एकाचा जे 1, दुसऱ्याचा अर्धा. 3 गुणिले 2, म्हणजे 6 अवस्था. क्रॉन फंक्शननं दोघांना 6 बाय 6 मध्ये आणलं, दोघांच्या जे-वर्गांची बेरीज केली आणि आयगेन किमती, म्हणजे त्या मॅट्रिक्सच्या स्वतःच्या खास किमती, काढल्या. 2.75, सहाच्या सहा.

"पावणेतीन, पावणेतीन," मी पुटपुटत होतो. बाबा पोतं शिवत होते.

"काय पावणेतीन रे? क्विंटल का?"

"नाही बाबा, गणित आहे. सहाही ठिकाणी तेच येते."

"सहाही जागी सारखंच येत असन, तं काटा अटकला असन."

हसलो, पण काटा अडकलाच होता. मी दोघांना वेगवेगळं तोलून वजनं मिळवली होती, 2 आणि पाऊण. दोघं एकमेकांच्या तुलनेत कसे उभे आहेत हे त्यात कुठंच नव्हतं. आधी घटक मिळवायचे, एक्समध्ये एक्स, वायमध्ये वाय, आणि वर्ग नंतर. तसं केलं की मधलं पद येतं, दोघांच्या बिंदू-गुणाकाराची दुप्पट. आता चार किमती 3.75 आल्या आणि दोन 0.75. म्हणजे जे दीडच्या चार अवस्था आणि जे अर्ध्याच्या दोन. मधल्या पदानं चौघांना एकेक दिला आणि दोघांकडून दोन-दोन काढून घेतले. एकूण बेरीज आधीही साडेसोळा, आताही साडेसोळा! हे मला कुठल्याच पानावर दिसलं नव्हतं.

प्रत्येक किमतीबरोबर तिच्या अवस्थेचा एक स्तंभ मिळतो, आणि सहगुणक त्या स्तंभातच असतात. पुढची अडचण अशी की चार किमती सारख्या असल्या तर कुठला स्तंभ कुठल्या एमचा हे कसं ओळखायचं? शिवाय त्या चौघांचं कुठलंही मिश्रण गणिताला चालतं. मी जे-वर्गात जे-झेडचा शंभरावा हिस्सा मिसळला. 3.75 फुटून 3.765, 3.755, 3.745, 3.735 झाले. झीमान या शास्त्रज्ञानं 1896 मध्ये चुंबकीय क्षेत्रात वर्णरेषा रुंदावताना आणि 1897 मध्ये फुटताना पाहिल्या, त्याचीच ही घरगुती आवृत्ती.

स्तंभातले आकडे तक्त्याशी जुळले. 0.8165 म्हणजे दोन-तृतीयांशाचं वर्गमूळ, 0.5774 म्हणजे एक-तृतीयांशाचं. पण एका स्तंभात उणे-अधिक उलटे. यात एक संध्याकाळ गेली, वरून लाईनही गेली. चूक नव्हतीच. अख्ख्या स्तंभाचं चिन्ह बदललं तरी अवस्था तीच राहते, तक्ता फक्त कॉन्डन-शॉर्टली संकेत, म्हणजे चिन्ह ठरवण्याचा एक ठरलेला नियम, पाळतो. प्रत्येक स्तंभात पहिल्या कणाचा एम सर्वांत मोठा असलेला घटक धन करून घेतला, आणि मोबाईलच्या हॉटस्पॉटवर सिमपाय ही दुसरी लायब्ररी उतरवून तिच्या सीजीशी, म्हणजे क्लेब्श-गॉर्डन काढणाऱ्या फंक्शनशी, ताडून पाहिलं. सगळे जुळले.

शेवटी तोच प्रोग्राम 2 आणि दीडवर चालवला. 20 अवस्था फुटल्या 8, 6, 4, 2 अशा. किमती: पावणेसोळा, पावणेनऊ, पावणेचार, पाऊण. मोठ्यानं वाचल्या तेव्हा कानाला लागलं, सगळ्याच पावणे! वहीत मांडलं. जे गुणिले (जे अधिक एक), म्हणजे (जे अधिक अर्धा) याचा वर्ग, वजा पाव. जे अर्धा, दीड, अडीच असा अर्ध्यात असेल तर तो वर्ग पूर्णांकाचा. 16, 9, 4, 1, आणि प्रत्येकात पाव कमी.