सेकंडहँड लॅपटॉप: काय उडवायचं, काय ठेवायचं

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला लॅपटॉप चालू केला तर आधीच्या मालकाचा अख्खा संसार आत तसाच! दोन दोन अँटीव्हायरस एकमेकांशी भांडत बसलेले, तीन टूलबार, आणि फ्लॅश प्लेअर, ज्याचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२० लाच संपलाय. हे सगळं डोळे झाकून काढलं. व्हिज्युअल सी प्लस प्लस नावाच्या एंट्रीज मात्र ठेवल्या, त्या दिसतात फालतू पण काढल्या की दुसरंच कुठलंतरी सॉफ्टवेअर उघडत नाही.

अडलं ते जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरपाशी. त्याचे फॉन्ट युनिकोडच्या (सगळ्या मशीनवर मराठी सारखीच दिसावी अशी अक्षरांची ठरलेली पद्धत) आधीचे, म्हणजे त्यात टाइप केलेली फाईल फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा भेळभत्ता, आणि बाबांची पतसंस्थेची सगळी जुनी पत्रं नेमकी त्याच फॉन्टमधली! म्हटलं राहू दे. पण लायसन्स दुसऱ्याचं, आणि आत कुणी कीलॉगर (आपण टाइप केलेलं सगळं गुपचूप टिपून ठेवणारा प्रोग्राम) वगैरे टाकून ठेवला असेल तर तो काही अनइन्स्टॉलच्या यादीत हात वर करून उभा राहणार नाही, अशा मशीनवर बँकेचा पासवर्ड टाकायचा म्हणजे काय...

शेवटी पत्रं कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये केली (जोडाक्षरं थोडी हाताने सुधारावी लागली, रफारांनी तर वात आणला), पेन ड्राइव्हवर घेतली आणि सरळ फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकलं. ओरिजिनल विंडोज १० किंवा ११ असेल तर लायसन्स बहुतेक वेळा मशीनशीच जोडलेलं असतं, नेट लावलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं, माझं झालं.