सकाळी डिझेल गाडी चालू होत नसेल तर आधी धूर बघा

जानेवारीत पुण्यात पहाटे चांगलीच थंडी पडते आणि नेमकी तेव्हाच आमची २००७ची डिझेल गाडी त्रास द्यायला लागली. दुपारी अर्ध्या सेल्फला चालू, रात्री पण ठीक, पण सकाळी ६ला बाबा आईला घेऊन निघाले की सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची. गॅरेजवाल्याने गाडी बघितली दुपारी २ला, तेव्हा ती लगेच चालू झाली, तरी म्हणाला डिझेल पंप आणि इंजिनात डिझेल फवारणारे नोझल उतरवावे लागतील. मला ते पटेना, कारण हीच गाडी चार माणसं घेऊन कात्रजचा घाट आरामात चढते, पंप खराब असता तर आधी तिथे कळलं असतं ना.

मग दुसऱ्या दिवशी सकाळी मीच खाली उतरलो. बाबांना म्हटलं तुम्ही सेल्फ मारा, मी मागे थांबतो. सायलेन्सरमधून पांढरा धूर भकाभका येत होता आणि डोळ्याला झोंबत होता, कच्च्या डिझेलचा वास. म्हणजे डिझेल आत पोचतंय पण पेटत नाहीये. हा धूर बघणं फार महत्त्वाचं आहे, कारण सेल्फ मारताना धूर अजिबात नसेल तर डिझेलच पोचत नाहीये असं समजायचं आणि मग शोधायची दिशाच बदलते.

डिझेल इंजिनला स्पार्क नसतो, दाबून तापलेल्या हवेतच डिझेल पेटतं. जुन्या इंजिनात ते आधी एका छोट्या चेंबरमध्ये पडतं आणि थंड इंजिनात तिथलं गार लोखंडच हवेची उष्णता ओढून घेतं, म्हणून तिथे करंटवर तापणारे हिटर प्लग दिलेले असतात. सेल्फ हळू फिरला तरी हवा पुरेशी तापत नाही म्हणून आधी बॅटरी मोजली, बंद गाडीत १२.५ व्होल्ट आणि सेल्फ मारताना १०.४, म्हणजे बॅटरी चांगली.

बाबा म्हणाले, "अरे पण हिटरचा दिवा लागतो आणि विझतो पण." इथेच सगळे फसतात. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो दिवा फक्त टायमरवर चालतो, प्लग तापले की नाही हे त्याला कळतच नाही. मी चारही प्लगना जोडणारी पट्टी काढली, टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या प्लसला लावला आणि टोक एकेका प्लगच्या डोक्याला टेकवलं. पहिल्यावर लागला, दुसऱ्यावर नाही, तिसऱ्यावर नाही, चौथ्यावर लागला. मीटरवर पण तेच, चांगल्या प्लगला एक ओहमच्या आत आणि मेलेल्यातून करंट जातच नाही. पट्टीवर करंट येतोय का तेही बघून घेतलं, येत होता, म्हणजे प्लगना करंट सोडणारा रिले ठीक.

नाना पेठेतून चारही नवीन आणले, दोनच बदलून उपयोग नाही, बाकीचे पण तेवढेच जुने. काढताना मात्र प्लीज घाई करू नका. इंजिन कोमट असताना काढा, आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि पाना जड लागला की थोडं पुढे-मागे करत सोडवा. प्लग आत तुटला तर इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, उतरवायची वेळ येते. आणि हिटर प्लग असलेल्या इंजिनात तो स्टार्टिंग स्प्रे अजिबात मारू नका, तापलेल्या प्लगवर तो नको तेव्हा पेटतो आणि इंजिनच जातं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका सेल्फमध्ये चालू! पण दोन दिवस गाडी उभी राहिली आणि रविवारी पुन्हा नखरे, या वेळी धूरच नाही. डिझेल फिल्टरवरचा हँड पंप दाबला तर एकदम मऊ, वीसेक वेळा दाबल्यावर घट्ट झाला आणि गाडी लगेच चालू झाली. म्हणजे गाडी उभी असताना कुठून तरी हवा शिरून डिझेल टाकीकडे परत जात होतं. फिल्टरनंतर पारदर्शक पाइप लावून बघितला तर बारीक बुडबुडे स्पष्ट दिसले. फिल्टरच्या आधीचा बोटभर रबरी पाइप क्लिपपाशी चिरला होता, बाहेर डिझेलचा थेंबही नव्हता. तो पाइप आणि क्लिप बदलली, परत मुद्दाम दोन दिवस गाडी उभी ठेवली आणि काल सकाळी सेल्फ मारायच्या आधी हँड पंप दाबून बघितला. घट्टच्या घट्ट.