भिंतीवरची गोधडी
इतकी वर्षं गोधडीचे तुकडे फरशीवर मांडायचे. पंखा लावला की निम्मी नक्षी सोफ्याखाली. आज फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा सरळ केला, महाद्वार रोडवरून आणलेलं पांढरं फलालीन त्यावर ताणून मागून स्टेपलर मारला, नि पुठ्ठा भिंतीला उभा केला. खर्च काय तो कापडाचा. फलालीनला लव असते, सुती तुकडा नुसता हातानं दाबला की चिकटून बसतो. आईच्या इरकलीचा काठ मात्र गुळगुळीत, दोनदा घसरला. त्याला टाचणी लागलीच! रंग सोडून नुसतं गडद-फिकट कळावं म्हणून लांबून मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढला, तर गडद तुकडे सगळे एकाच कोपऱ्यात. परत उचकटले. सासूबाई चहा घेऊन आल्या, बघत राहिल्या, म्हणाल्या, "भिंतीला थंडी वाजत्या व्हय गं?"