सीओईपीचा चान्स काढायला बसले आणि अडकले नॉन क्रिमिलेअरमध्ये

बारावीला मला ६९ टक्के. आधीच सांगून टाकते, कारण ज्युनिअर पोरं-पोरी सारखं विचारतात की ताई, एवढ्या मार्कांवर सीओईपी, म्हणजे पुण्याचं ते नावाजलेलं इंजिनिअरिंग कॉलेज, मिळतं का. आमच्या क्लासच्या सरांनी तर रिझल्टच्या दिवशीच सांगितलेलं, जवळचं कॉलेज बघ, उगाच पुण्याची स्वप्नं बघू नको. अजून राग येतो. कारण बारावीचे टक्के मेरिटला लागतच नाहीत. पीसीएमला (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ओपनवाल्यांना ४५ आणि रिझर्व्हवाल्यांना ४० टक्के असले की पात्र, पुढचं सगळं सीईटी या प्रवेश परीक्षेच्या पर्सेंटाइलवर. आणि सीईटीत २०० पैकी १०० मार्क एकट्या मॅथ्सचे, निगेटिव्ह मार्किंग नाही. बोर्डात मला केमिस्ट्रीने खाल्लं होतं, मॅथ्स बरं होतं, त्यामुळे सीईटीला ९५ च्या थोडं पुढे गेले. घरी पेढे वगैरे.

पण ९५ म्हणजे सीओईपीच्या हिशेबात काही विशेष नाही. कॉम्प्युटर ९९ च्याही बरंच वर बंद होतं. पर्सेंटाइलचा आकडा दिसायला मोठा असतो हो, पण परीक्षेला तीन लाख पोरं बसली असं धरलं तर ९५ म्हणजे तुमच्यापुढे पंधरा हजार जण उभे आहेत. म्हणून पर्सेंटाइल बघून हुरळूनही जाऊ नका आणि रडूही नका, कटऑफची पीडीएफ उघडा, म्हणजे कुठली सीट कितीवर बंद झाली ते कळतं.

ती पीडीएफ वाचायला मला एक अख्खी रात्र लागली. कॉलेजच्या नावाखाली ब्रँच, ब्रँचखाली GOPENS, LOPENS, GOBCS, LOBCS असे कोड, प्रत्येकाखाली मेरिट नंबर आणि त्याखाली कंसात पर्सेंटाइल. पहिलं अक्षर G म्हणजे जनरल, L म्हणजे मुलींच्या जागा. मधे कॅटेगरी. शेवटचं S म्हणजे स्टेट लेव्हल, H म्हणजे होम युनिव्हर्सिटी, O म्हणजे बाहेरच्या युनिव्हर्सिटीवाल्यांसाठी. एकाच ब्रँचच्या GOPENS आणि LOBCS मध्ये चांगलाच फरक पडतो. मी ओबीसी, मुलगी, म्हणजे माझा कॉलम LOBCS. आणि त्या कॉलममध्ये मेटलर्जी (धातूंचं इंजिनिअरिंग) नि मॅन्युफॅक्चरिंग मला काठावर दिसत होतं. काठावर म्हणजे एका वर्षी आत, एका वर्षी बाहेर. ओपनच्या कॉलममध्ये मात्र विषयच नव्हता. म्हणजे माझा चान्स किती हे पर्सेंटाइल ठरवणार नव्हतं, मी कुठल्या कॉलममध्ये उभी राहते ते ठरवणार होतं, आणि ते ठरवणारा कागद पडला होता आमच्याकडच्या प्रांत ऑफिसात.

जातीचा दाखला होता, व्हॅलिडिटी, म्हणजे त्याची पडताळणी, कॉलेजतर्फे अकरावीतच काढून झाली होती. नॉन क्रिमिलेअर, म्हणजे ओबीसीतल्या वरच्या उत्पन्न गटात आपण नाही याचा दाखला, मात्र जुनं, ३१ मार्चला संपलेलं. ॲडमिशनला चालू आर्थिक वर्षाचं, म्हणजे पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं लागतं. एप्रिलमध्येच सेतूत (दाखल्यांचे अर्ज घेणारं केंद्र) अर्ज टाकला होता, सीईटीचा पेपरही झाला नव्हता तेव्हा. पपा पतसंस्थेत क्लार्क, थोडी शेती. पगार आणि शेतीचं उत्पन्न क्रिमिलेअरच्या मोजणीत धरत नाहीत, आठ लाखांची मर्यादा बाकीच्या उत्पन्नाला आहे, म्हणजे आमचं प्रकरण अगदी सरळ. असं आम्हाला वाटत होतं.

आधी उत्पन्नाचा दाखला तीन वर्षांचा लागतो, त्याला तलाठ्याचा अहवाल लागतो. आमच्या तलाठी भाऊसाहेबांकडे दुसऱ्या गावांचाही चार्ज, त्यामुळे ते आमच्या गावात असतात त्या दिवशी आपण नसतो आणि आपण जातो तेव्हा ते पंचनाम्याला. तरी माणूस चांगला, गाठ पडली तेव्हा उभ्या-उभ्या सही दिली. तो दाखला आला, मग नॉन क्रिमिलेअरचा अर्ज पुढे सरकला, आणि मे संपता संपता ऑनलाइन स्टेटस आलं, 'त्रुटी पूर्तता करावी'. एवढंच. कुठली त्रुटी, कुठल्या कागदात, काही नाही.

सेतूवाला म्हणतो वर विचारा. वर गेलो तर साहेब व्हीसीत (व्हिडिओ कॉन्फरन्स). दुसऱ्या वेळी गेलो तर टेबलावरचा माणूस रजेवर आणि त्याचा लॉगिन दुसऱ्याला नाही. पपांना किती वेळा सुट्टी काढायला लावणार, मग मी आणि आईच जायला लागलो. तिथे एक बाकडं आहे, त्यावर रोज तीच माणसं, ओळखी झाल्या सगळ्यांच्या. एकदाचे टेबलवाले दादा भेटले, त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि म्हणाले, ताई तूच बघ. बघते तर काय, सेतूत स्कॅनरऐवजी मोबाईलवर फोटो काढून अपलोड केलेले, आणि उत्पन्नाच्या दाखल्यावर जिथे नंबर आणि बारकोड तिथे नेमकी त्या ऑपरेटरच्या अंगठ्याची सावली. काळी, गोल, व्यवस्थित. त्या अंगठ्यापायी माझे इतके आठवडे गेले होते! हेच रिमार्कमध्ये दोन शब्द जास्त लिहून सांगता आलं नसतं का? विचारलं मी. दादा म्हणाले, रिमार्क ड्रॉपडाऊनमधून येतो.

पुन्हा स्कॅन, पुन्हा अपलोड. मग सगळं मंजूर, फक्त साहेबांची डिजिटल सही बाकी. आणि साहेबांची डीएससी, म्हणजे त्या सहीचं सर्टिफिकेट, एक्स्पायर. नवीन यायला किती दिवस ते कोणालाच माहीत नाही. इकडे कॅपचं, म्हणजे सगळ्या कॉलेजांच्या एकत्रित ॲडमिशनचं, रजिस्ट्रेशन सुरू झालं होतं आणि मी रोज सकाळी दात घासायच्या आधी स्टेटस बघत होते.

इथे एक गोष्ट, जी मला त्या बाकड्यावर बसलेल्या एका काकांनी सांगितली. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, प्रत्येक दाखल्याला मुदत ठरलेली असते, ती उलटली की प्रथम अपील करता येतं, तेही ऑनलाइन. मी केलं. अपिलामुळे झालं की नवीन डीएससी आली म्हणून झालं देव जाणे, पण दाखला आला. तोपर्यंत फॉर्म मी अर्जाची पावती जोडून भरला होता. पावतीवर भरता येतो, घाबरू नका, पण ठरलेल्या तारखेच्या आत ओरिजिनल दिलं नाही तर सरळ ओपनमध्ये टाकतात आणि कॅटेगरीवर मिळालेली सीट जाते. म्हणजे माझ्यासारखीचं काय झालं असतं ते वर लिहिलंच आहे.

बाकी स्क्रूटिनी, मेरिट लिस्ट वगैरे आपोआप झालं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. हां, पर्सेंटाइल सारखं आलं तर आधी मॅथ्सचं पर्सेंटाइल बघतात, हे मला फार उशिरा कळलं.

ऑप्शन फॉर्मबद्दल, म्हणजे कॉलेज-ब्रँच पसंतीच्या क्रमाने भरायच्या यादीबद्दल, मात्र बोलायलाच हवं, कारण पैसे घेऊन लिस्ट करून देणारे लोक सुटलेत. काही गरज नाही. मागच्या दोन-तीन वर्षांच्या पीडीएफ घ्या, आपला कॉलम घ्या, आणि पहिल्या राउंडचा नाही तर शेवटच्या राउंडचा आकडा बघा. तीनशेपर्यंत ऑप्शन टाकता येतात. वर अवघड टाकलं म्हणून खालचं हातातून जात नाही, तेव्हा वर बिनधास्त टाका. पण २०२५ पासून ऑटो फ्रीझ कडक केलंय. पहिल्या राउंडला पहिला ऑप्शन लागला, दुसऱ्याला पहिल्या तिनातला, तिसऱ्याला पहिल्या सहातला, तर ती सीट घ्यावीच लागते, नाहीतर पुढच्या कॅप राउंडमधून बाहेर. म्हणून पहिले सहा ऑप्शन घरच्यांशी जे भांडायचं ते भांडून मगच टाका. आमच्या घरी मेटलर्जीवरून झालंच. आत्याचं म्हणणं, मुलीने भट्टीसमोर काय करायचं? मी म्हटलं, आत्या, आधी मिळू तर दे.

दुसऱ्या राउंडला मिळालं. सीओईपी, मेटलर्जी, LOBCS. क्लासच्या सरांना अलॉटमेंट लेटरचा फोटो पाठवला, त्यांनी अंगठा पाठवला. क्लासच्या बाहेरच्या बोर्डावर आता माझा फोटो आहे म्हणे, पर्सेंटाइलसकट, बारावीचे टक्के नाहीत त्यावर.

मुली असाल तर अजून एक. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींची ट्यूशन फी सरकार भरतं, त्यालाही उत्पन्नाचा दाखला लागतो, तेव्हा काढताय तर चार झेरॉक्स जास्त काढून ठेवा आणि एक स्वच्छ स्कॅन स्वतःच्या मोबाईलमध्ये. सेतूत अपलोड करताना शेजारी उभं राहून प्रत्येक पान स्क्रीनवर मोठं करून बघा, ऑपरेटर वैतागला तरी चालेल. धाकटा भाऊ यंदा अकरावीत आहे, त्याचं तीन वर्षांचं नॉन क्रिमिलेअर मी आत्ताच टाकून आलेय, स्कॅन घरून करून नेले.