झोपताना उशा किती लागतात?

मी मिरजेतल्या एका हॉस्पिटलमध्ये रिसर्च कोऑर्डिनेटर आहे. आमचा स्टडी ऐकायला साधा वाटतो, दम लागून आलेल्या पेशंटचं फुप्फुस सोनोग्राफीने बघायचं, न्यूमोनिया आहे की हार्ट फेल्युअर, म्हणजे हार्टचं पंपिंग कमी पडून फुप्फुसात साठलेलं पाणी, हे त्यावरून कितपत ओळखता येतं आणि औषधं सुरू झाल्यावर ते चित्र किती दिवसांत बदलतं ते नोंदवायचं. आपल्याकडे दोन्हीला एकच शब्द, छातीत पाणी झालंय. पण एकाला अँटिबायोटिक लागतं आणि दुसऱ्याला लघवी वाढवायचं औषध, आणि उलटं झालं तर माणूस हातचा जातो.

तासगावकडचे एक काका आले होते, सत्तरीच्या पुढचे, द्राक्षबाग असलेले. ताप, खोकला, एक्सरेत उजवीकडे खाली डाग, त्यामुळे कॅज्युअल्टीत न्यूमोनिया म्हणून लिहिलं गेलं आणि ते चूकही नव्हतं. गावाकडे दोन दिवस सलाईन घेऊन आलेले, इथेही एक बाटली चालूच होती. सलाईन लावलं की तरतरी येते ही समजूत किती पक्की आहे ते इथल्या कोणालाही विचारा.

मी संमतीपत्रक घेऊन गेले. मराठीत सहा पानं आहेत, ती मी वाचून दाखवते, घाई करत नाही. काकूंनी आधी विचारलं, "ताई, सही कशाची वं? जमिनीबिमिनीची न्हाई न्हवं?" मी म्हटलं नाही काकू, नको वाटलं तर सही करू नका, औषधपाणी तसंच चालू राहणार. मग त्या जरा सैल झाल्या. तिसऱ्या पानावर लिहिलंय की तपासणीवेळी पेशंटला आडवं झोपवलं जाईल, तिथं त्यांनी मला थांबवलं. "आडवं न्हाई व्हायाचं ह्यास्नी. पंधरा दिस झालं, आडवं पडलं की जीव गुदमरतोय म्हणत्यात, रातभर भिताडाला टेकून बसत्यात."

पंधरा दिवस. आणि ताप होता तीन दिवसांचा. म्हणजे दम तापाच्या आधीचा, आणि आडवं पडलं की वाढणारा दम ही हार्टची खूण असू शकते.

मी विचारलं उशा किती लागतात, तर म्हणाल्या तीन घेऊन बघितल्या, भागलं न्हाई. पाय बघितले तर घोट्यावर बोट दाबलं की खड्डा राहत होता. हे पेशंटच्या घरच्यांचं म्हणणं, स्टडीचा डेटा नव्हे, म्हणून मी तिथूनच उठून वॉर्डच्या डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी लगेच येऊन सलाईनचा थेंब कमी केला आणि ईसीजी आणि एनटी-प्रोबीएनपी, म्हणजे हार्टवर ताण आला की वाढणारी रक्ताची तपासणी, पाठवलं.

मग स्कॅन. आमचं छोटं पोर्टेबल मशीन आहे पण तेही पीसीपीएनडीटीखाली, म्हणजे गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्याखाली, रजिस्टर केलेलं, फुप्फुस बघायचं असलं तरी हॉस्पिटलच्या बाहेर न्यायचं नाही, आणि 2017 ला इथंच म्हैसाळला स्त्रीभ्रूणहत्येचं जे प्रकरण उघडकीस आलं त्यानंतर मला ही कडक शिस्त एकदाही जाचक वाटलेली नाही. स्कॅन करणाऱ्या रेसिडेंटला एक्सरे, रक्ताचे रिपोर्ट, घरच्यांनी सांगितलेलं काहीच कळू द्यायचं नाही असा नियम. त्यामुळे मी भिंतीपाशी गप्प उभी. काकांना बसवूनच केलं, एका बाजूला चार अशा आठ जागा. उजवीकडे खाली फुप्फुस लिव्हरसारखं घट्ट दिसत होतं आणि आत हवेचे पांढरे ठिपके श्वासाबरोबर हलत होते, तो न्यूमोनिया. पण डावीकडेही वरपासून खालपर्यंत उभ्या पांढऱ्या रेघा, बी-लाईन्स, एका जागी तीन दिसल्या तरी पॉझिटिव्ह धरतात, इथं मोजता येईनात इतक्या, आणि फुप्फुसाचं वरचं आवरण मात्र गुळगुळीत. दोन्ही बाजूंना सारख्या रेघा आणि आवरण गुळगुळीत म्हणजे बहुतेक हार्टचं पाणी.

स्कॅनचा रिझल्ट ट्रीटमेंट करणाऱ्यांना सांगायचा नाही. पण जिवाला धोका वाटला तर स्टडीच्या प्रमुख डॉक्टरांना फोन करायचा हे प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं आहे आणि एथिक्स कमिटीने मंजूर केलेलं आहे. रात्री साडेनऊला फोन केला, सर म्हणाले मी बोलतो वॉर्डशी. सलाईन बंद, लघवी वाढवणारं लॅसिक्स चालू, अँटिबायोटिक तसंच. एनटी-प्रोबीएनपीचा रिपोर्ट आला, काकांच्या वयाला 900 च्या वर गेलं की हार्टचा संशय घट्ट होतो, त्यांचं कितीतरी पटीने जास्त. दुसऱ्या दिवशी टूडी इकोत पंपिंग कमी निघालं. हार्ट आधीच थकलेलं, त्यात न्यूमोनिया झाला आणि ताण सहन झाला नाही.

तिसऱ्या दिवशीच्या स्कॅनला डावीकडच्या रेघा मोजता येण्याइतक्या उरल्या होत्या, उजवीकडचा घट्ट भाग मात्र जवळपास तसाच. पाणी लवकर उतरतं, न्यूमोनियाचा डाग या वयात आठवडे घेतो. स्टडीच्या फॉर्मवर अंतिम निदानाला दोन खोकी आहेत, ती मी भरत नाही, स्कॅन न बघितलेले दोन डॉक्टर भरतात. दोघांनीही वेगवेगळं बसून दोन्ही खोकी टिक केली.

त्या सकाळी काका सपाट झोपले होते, एकाच उशीवर. काकूंचे डोळे लाल. मी विचारलं झोपला नाही का तुम्ही. "न्हाई वं. हे झोपल्यात का बघत मीच बसली रातभर."