सायकलवर सनशाईन कोस्ट: बोटीच्या वेळा सांभाळून

व्हँकुव्हरच्या वायव्येला ब्रिटिश कोलंबियाचा जो किनारा सनशाईन कोस्ट म्हणून ओळखला जातो, तो बेट नाही, मुख्य भूमीचाच भाग आहे. पण मध्ये हाव साऊंडची खाडी आणि तिच्यामागे डोंगर असल्यामुळे तिथे थेट रस्ता जात नाही. व्हँकुव्हरजवळच्या हॉर्सशू बेहून लँगडेलला ४० मिनिटांची बोट, पुढे हायवे १०१ वर सुमारे ८० किलोमीटर, अर्ल्स कोव्हला दुसरी बोट ५० मिनिटांची, आणि सॉल्टरी बेहून पॉवेल रिव्हरपर्यंत आणखी तीसेक किलोमीटर. आकडे लहान दिसतात, पण रस्ता सपाट कमी आणि चढउताराचा जास्त आहे. वाटेतली उद्यानं नीट बघायची असतील तर चार दिवस तरी हाताशी ठेवा.

या किनाऱ्यावर सायकल चालवताना नकाशाइतकंच बोटीचं वेळापत्रक महत्त्वाचं. बोट धक्क्याला लागली की तिच्या पोटातल्या गाड्या एकदम रस्त्यावर येतात. नंतर बराच वेळ रस्ता मोकळा असतो. अर्ल्स कोव्हच्या बाजूला याच्या उलट: बोट सुटायच्या आधीचा अर्धा-पाऊण तास घाईत निघालेल्या गाड्यांचा. म्हणून लँगडेलला उतरल्यावर आम्ही धक्क्यावरच थांबतो. पाण्याच्या बाटल्या भरतो, सामानाचे पट्टे आवळतो, शेवटची गाडी गेली की निघतो. पंधरा-वीस मिनिटं जातात, पण त्या बदल्यात पहिले काही किलोमीटर जवळजवळ रिकामे मिळतात.

बोटीवर सामान लादलेली सायकल नुसत्या स्टँडवर उभी करू नका. इंजिनाच्या थरथरीने ती हळूहळू सरकते आणि आडवी होते. कठड्याला टेकवून पुढचा ब्रेक दाबायचा आणि त्याची मूठ वेल्क्रोच्या पट्टीने हँडलला आवळून टाकायची. मग चाक फिरतच नाही. सायकल तिथे भाड्याने घेणार असाल तर ब्रेक आधी तपासा. कॅनडात पुढचा ब्रेक बहुधा डाव्या हाताला असतो. उजवा पुढचा अशी सवय असलेला माणूस पहिल्याच उतारावर डावा करकचून दाबतो आणि पुढे फेकला जातो. गाड्या उजवीकडून चालतात, म्हणून आरसाही डाव्या बाजूला हवा. हेल्मेट कायद्याने सक्तीचं आहे.

लँगडेलहून दोन रस्ते फुटतात. सरळ वर चढतो तो बायपास, बहुतेक गाड्या तिकडे जातात. डावीकडचा मरीन ड्राइव्ह किनाऱ्याने खालच्या गिब्सन्सला पोहोचतो. तो अरुंद आहे, तरी आमची पसंती त्यालाच. बंदरापासून वरच्या गावात नेणारा स्कूल रोड मात्र छातीवर येतो. सामान असेल तर तिथे उतरून ढकलण्यात काही कमीपणा नाही. गुडघा पहिल्याच दिवशी दुखावला तर पुढची सगळी सफर हातची जाते.

वर आल्यावर थोडा हायवे, मग डावीकडे लोअर रोड. या फाट्याची पाटी चुकवू नका. उंच झाडांमधून हा रस्ता रॉबर्ट्स क्रीकला उतरतो. तिथल्या समुद्रकाठच्या जागेवर गावकरी मिळून दरवर्षी जमिनीवर नवं मंडल रंगवतात. पुढे बीच अ‍ॅव्हेन्यू आणि फ्लूम रोडने परत हायवे. डेव्हिस बेला रस्ता अगदी पाण्याला लागून आणि सपाट आहे, तेवढाच पायांना आराम.

सीशेल्ट हे गाव जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीवर वसलं आहे. एका अंगाला जॉर्जियाची सामुद्रधुनी, दुसऱ्या अंगाला सीशेल्टची खाडी. मुक्कामाला पॉर्पॉइझ बे प्रांतिक उद्यान उत्तम: गावापासून चार-पाच किलोमीटर, वाळूचा किनारा, गरम पाण्याचे शॉवर. काळी अस्वलं या सगळ्या पट्ट्यात फिरतात. खाणं, टूथपेस्ट, साबण यातलं काहीही तंबूत ठेवायचं नाही, पॅनिअरमध्ये, म्हणजे कॅरिअरला टांगलेल्या पिशवीतही नाही. अस्वलाला कप्पा उघडायची गरज पडत नाही, ते पॅनिअरच फाडतं.

सीशेल्टच्या पुढे हायवे सोडून रेडरूफ्स रोड घ्या. सार्जंट बे उद्यानावरून तो हाफमून बेला जातो. चढ छोटे पण उभे आणि वळणं आंधळी, पण रहदारी कमी. जवळच स्मगलर कोव्हचं सागरी उद्यान आहे. दलदलीवरून लाकडी फळ्यांची वाट जाते, म्हणून सायकलला बाहेरच कुलूप लावून चालत जायचं. आर्ब्यूटसची झाडं तिथे हात लावून बघा. तांबूस साल कागदासारखी सुटून येते आणि आतून गुळगुळीत पोपटी खोड दिसतं.

हाफमून बे ते मदीरा पार्क हा आमच्या मते सगळ्यात अवघड तुकडा. साईडपट्टी काही ठिकाणी हातभर, काही ठिकाणी नाहीच, आणि लाकडाचे ट्रक येतात. आंधळ्या वळणावर कडेला चिकटून चालवलं तर मागची गाडी नको तिथे घुसते. त्यापेक्षा वळणापुरतं लेनच्या मधोमध यावं आणि वळण संपलं की बाजूला व्हावं. २०२४ पासून ब्रिटिश कोलंबियात सायकलला मागे टाकणाऱ्या गाडीने तिच्यापासून ताशी ५० किलोमीटरपर्यंत १ मीटर आणि त्याहून जास्त वेगात दीड मीटर अंतर ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे.

गिअरचं गणित साधं: पुढे सर्वांत लहान चक्र ३० दात्यांचं आणि मागे सर्वांत मोठं ३४ चं असेल तर सामानासकट चढता येतं. टायर ३२ ते ४० मिलिमीटर. बिघाड बहुधा मागच्या चाकात होतो. गिअरच्या बाजूचे स्पोक जास्त ताणलेले असतात, त्यावर सामानाचा भार येतो आणि एखादा तुटतो. त्या मापाचे दोन-तीन स्पोक आणि स्पोकचा पाना बरोबर असावा. कॅरिअरचे स्क्रू रोज सकाळी अ‍ॅलन कीने तपासा, थरथरीने ते सैल होतात. पावसात उतार जास्त लागले तर ब्रेक पॅड झपाट्याने झिजतात, म्हणून एक जोडी जास्तीची घ्या.

मदीरा पार्कला किराणा भरून घ्या, कारण अर्ल्स कोव्हला गाव असं नाहीच. धक्क्याच्या थोडं अलीकडे एग्माँटचा फाटा आहे. सहा-सात किलोमीटर आत स्कूकमचक नॅरोजची पायवाट सुरू होते, एका बाजूने ४ किलोमीटर. सीशेल्टच्या खाडीचं पाणी इथल्या चिंचोळ्या तोंडातून आत-बाहेर करतं. दोन्ही बाजूंच्या पातळीत कधी २ मीटरहून जास्त फरक पडतो आणि प्रवाहाचा वेग ताशी ३० किलोमीटरवर जातो. भरतीला रोलंड पॉइंटवर उभं राहा. पाणी आधी काचेसारखं सपाट घसरतं, मग एकाच जागी लाट उभी राहते, पुढे सरकत नाही, आणि कयाकवाले तिच्यावर टिकून राहतात. ओहोटीचे भोवरे बघायचे तर नॉर्थ पॉइंट. वेळ मात्र ‘सीशेल्ट रॅपिड्स’च्या प्रवाह-तक्त्यातूनच काढा. छापील तक्त्यात प्रमाणवेळ असते, उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवावा लागतो. तो विसरला की शांत पाणी बघून परत यावं लागतं. प्रवाह फिरल्यावर साधारण तीन तासांनी जोर सर्वाधिक असतो.

सॉल्टरी बेला उतरल्यावर पुन्हा तेच: गाड्या आधी जाऊ द्या, कारण धक्क्यापासूनच चढ लागतो. जवळच्या सॉल्टरी बे उद्यानात मुक्काम करता येतो. तिथे समुद्राखाली जलपरीचा ब्राँझचा पुतळा आहे, तो पाणबुड्यांनाच दिसतो. पुढचा रस्ता मदीरा पार्कच्या आसपासच्या पेंडर हार्बर भागाच्या मानाने सोपा. पॉवेल रिव्हरमध्ये विलिंग्डन बीच ट्रेल चुकवू नका. लाकूड वाहणाऱ्या जुन्या रेल्वेच्या मार्गावरून जाणारी ही सपाट सावलीची वाट आहे आणि कडेला ओंडके ओढायची गंजलेली यंत्रं मांडलेली आहेत. हायवे १०१ आणखी सुमारे २८ किलोमीटर उत्तरेला लुंडच्या बंदरावर संपतो. सामान तळावर ठेवून तिथे दिवसभरात जाऊन येता येतं.

जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस सर्वांत कमी, पण चांगल्या हवेत वारा वायव्येचा, म्हणजे उत्तरेकडे जाताना समोरून. झाडीत तो फारसा जाणवत नाही, डेव्हिस बेसारख्या उघड्या जागी जाणवतो. त्याच रस्त्याने परतायचं नसेल तर पॉवेल रिव्हरहून कोमॉक्सला दीड तासाची बोट आहे. व्हँकुव्हर बेटावरच्या जुन्या किनारी रस्त्याने, १९ए ने, नानाइमोला यायचं आणि तिथल्या डिपार्चर बेहून बोटीने परत हॉर्सशू बे. हा फेरा धरला तर आणखी दोन दिवस लागतील.